तपासाची गोपनीयता आणि ई-मेलचे कुलूप

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास इतर गुन्ह्यांच्या तपासाहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा असतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे नाव गावाला कळले म्हणून त्याचे नुकसान वाढत नाही. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचे नाव मात्र बाहेर पडले की दुसरी शिक्षा सुरू होते आणि ती निरपराध व्यक्तीला भोगावी लागते. या भीतीपोटी अनेक तक्रारी पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच पीडित व्यक्तीची ओळख गुप्त राखणे ही सौजन्याची बाब नसून तपासाची पहिली अट आहे.

ही अट पूर्वी मोहोरबंद लखोट्याने पाळली जात असे. आज वैद्यकीय अहवाल, जबाबाच्या प्रती, शाळेचे पत्र, निरनिराळ्या समित्यांचा पत्रव्यवहार हे सारे मोठ्या प्रमाणावर ई-मेलने जाते. लखोटा मागे पडला. परंतु त्याचे काम करणारी व्यवस्था सर्वत्र रूढ झालेली नाही. ही व्यवस्था म्हणजे ‘एन्क्रिप्शन’, अर्थात मजकूर कूटबद्ध करणे. अशा तपासाचे चित्र घरोघरी पोहोचविणारी एक मालिका, गोपनीयतेविषयीचा कायदा आणि ई-मेलचे हे कुलूप यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

न्यूयॉर्कमधील पथकाची कथा

अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवर २० सप्टेंबर १९९९ रोजी ‘लॉ अँड ऑर्डर : स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ ही मालिका सुरू झाली. डिक वुल्फ हे तिचे जनक. न्यूयॉर्क पोलीस दलातील एका विशेष पथकाचे काम हा तिचा विषय. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार आणि दुर्बल व्यक्तींविरुद्धचे गुन्हे यांचा तपास हे पथक करते. मारिस्का हार्गिटे या अभिनेत्रीने साकारलेली ऑलिव्हिया बेन्सन ही तपास अधिकारी मालिकेच्या केंद्रस्थानी आहे. २०१९ साली एकविसाव्या पर्वाचा प्रारंभ झाला, तेव्हा अमेरिकेतील मुख्य प्रसारणवेळेत सर्वाधिक पर्वे चाललेली अभिनीत कथामालिका होण्याचा मान तिला मिळाला.

या मालिकेचे वैशिष्ट्य गुन्ह्याच्या दर्शनात नाही, तर तक्रारदार व्यक्तीशी होणाऱ्या संभाषणात आहे. बंद दाराआड, घाई न करता, दोष न देता विचारलेले प्रश्न आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहण्याची तयारी, ही तपासाची रीत लाखो प्रेक्षकांनी प्रथम येथे पाहिली. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकांचे प्रेक्षक असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये बलात्काराविषयीचे गैरसमज तुलनेने कमी आढळले. मनोरंजनाचे माध्यमही लोकशिक्षण करू शकते, याचे हे एक उदाहरण होय.

अर्थात पडदा आणि वास्तव यांत अंतर आहे. मालिकेत तासाभरात पुरावा मिळतो, प्रयोगशाळेचा अहवाल येतो आणि बहुधा खटलाही उभा राहतो. प्रत्यक्षात २००९ साली डेट्रॉईट शहरात पोलिसांच्या एका गोदामात वैद्यकीय पुराव्याचे ११,००० हून अधिक संच न तपासता पडून असलेले आढळले. दुसरे अंतर अधिक सूक्ष्म आहे. तपासाचा फार मोठा भाग कागदांच्या प्रवासात असतो. ठाण्यातून रुग्णालयात, रुग्णालयातून प्रयोगशाळेत, तेथून न्यायालयात असे कागद फिरत असतात. हा प्रवास नाट्यमय नसल्यामुळे पडद्यावर फारसा दिसत नाही. नाव फुटण्याचा धोका मात्र याच प्रवासात असतो.

मालिका लोकप्रिय झाल्यावर हार्गिटे यांच्याकडे प्रेक्षकांची वेगळ्याच प्रकारची पत्रे येऊ लागली. अत्याचार सोसलेल्या व्यक्ती आपली हकीकत त्यांना कळवीत होत्या. त्यांपैकी अनेकांनी ती इतर कोणालाही सांगितली नव्हती. या पत्रांमधूनच २००४ साली हार्गिटे यांनी ‘जॉयफुल हार्ट फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. ज्या व्यक्तीला ठाण्यात बोलता येत नाही ती पत्रातून बोलते. परंतु पत्र वाटेत कोणी वाचणार नाही, असा विश्वास त्यासाठी हवा.

नाव कोठून फुटते?

हा विश्वास तुटला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतीलच एका खटल्यावरून कळते. ऑक्टोबर १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे एका महिलेने बलात्काराची तक्रार नोंदविली. तेथील शेरीफच्या कार्यालयाने घटनेचा अहवाल तयार केला. त्यात तिचे पूर्ण नाव होते. तो अहवाल वार्ताहरांसाठी असलेल्या खोलीत ठेवण्यात आला. अशी नावे प्रसिद्ध करावयाची नाहीत, हे सांगणाऱ्या पाट्याही त्या खोलीत लावलेल्या होत्या. एका शिकाऊ वार्ताहराने अहवाल जसाच्या तसा उतरवून घेतला आणि ‘फ्लोरिडा स्टार’ या साप्ताहिकात नाव छापून आले.

त्यानंतर त्या महिलेच्या आईला दूरध्वनीवरून धमकी आली. तिच्यावर पुन्हा अत्याचार करू, असे धमकी देणाऱ्या पुरुषाने सांगितले. तिला राहते घर आणि दूरध्वनी क्रमांक बदलावा लागला, पोलीस संरक्षण घ्यावे लागले आणि मानसोपचाराचा आधार घ्यावा लागला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८९ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी साप्ताहिकाच्या बाजूने निकाल दिला. शासनाच्या कार्यालयानेच माहिती खुली केली असताना ती छापणाऱ्यास शिक्षा करता येणार नाही, आपल्या ताब्यातील माहिती जपण्याचे उपाय शासनाने स्वतः योजावेत, अशी बहुमताची भूमिका होती.

निकालाविषयी मतभेद असू शकतात. कार्यालयांसाठी त्यातील धडा मात्र स्पष्ट आहे. गुपित फोडण्याचा कोणाचा हेतू नव्हता. नियम होता आणि त्याची पाटीही होती. नव्हती ती व्यवस्था. कागद उघडा राहिला आणि पाटीने त्याला झाकले नाही.

महाराष्ट्र आणि १९८३ चा कायदा

ज्या वर्षी ही घटना घडली त्याच वर्षी भारताच्या संसदेने पीडित व्यक्तीचे नाव गुप्त राखण्याचा कायदा केला आणि त्याचा उगम महाराष्ट्रातील एका प्रकरणात आहे. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीस होते. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून हा निकाल ओळखला जातो. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालास आक्षेप घेतला. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

त्या मुलीचे नाव या चळवळीमुळे देशभर झाले आणि कायद्याच्या पुस्तकांतही ते राहून गेले. तिच्या प्रकरणातून निघालेला कायदा मात्र सांगतो की, असे नाव छापू नये. त्या कायद्याचा मान राखून ते येथे दिलेले नाही.

१९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-क आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने घेतली आहे. पीडित व्यक्तीचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा मजकूर छापणाऱ्यास अथवा प्रसिद्ध करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. बालकांच्या बाबतीत ‘पोक्सो’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या २०१२ च्या अधिनियमाचे कलम २३ अधिक तपशीलवार आहे. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजार, यांपैकी काहीही प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास तेथे मनाई आहे. लहान गावात ‘अमुक वस्तीवरील सातवीतील मुलगी’ एवढे म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते, हे ओळखून ही तरतूद केलेली आहे.

११ डिसेंबर २०१८ रोजी ‘निपुण सक्सेना विरुद्ध भारत संघ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मदन लोकुर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी याविषयी निर्देश दिले. पीडितेचे नाव असलेली कागदपत्रे पोलिसांनी शक्यतोवर मोहोरबंद लखोट्यात ठेवावीत आणि इतरांच्या पाहण्यात येणाऱ्या अभिलेखात नाव वगळलेल्या प्रती लावाव्यात, असे त्यात सांगितले आहे. ज्या ज्या प्राधिकरणांना तपासाच्या ओघात नाव कळते, त्यांच्यावरही ते गुप्त राखण्याचे बंधन आहे आणि त्यांनी आपला अहवाल मोहोरबंद लखोट्यातूनच पाठवावयाचा आहे. ई-मेलने पत्र पाठविताना या लखोट्याची जागा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न येथे उभा राहतो.

ई-मेल म्हणजे उघडे कार्ड

संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने पाठविला. मोजक्या संशोधकांच्या सोयीसाठी निघालेल्या या साधनात गुप्ततेची योजना मुळातच नव्हती. साधा ई-मेल हा पोस्टकार्डासारखा असतो. तो पाठविणाऱ्याच्या संगणकावरून त्याच्या सेवेच्या सर्व्हरवर जातो, तेथून दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरवर आणि शेवटी घेणाऱ्याकडे पोहोचतो. या प्रत्येक थांब्यावर त्याची प्रत राहू शकते.

अलीकडे बहुतेक सेवा दोन थांब्यांमधील प्रवास कूटबद्ध करतात. टपालाची थैली बंद गाडीतून नेण्यासारखे हे आहे. वाटेत कोणी हात घालू शकत नाही, हा मोठा लाभ होय. मात्र थैली टपाल कार्यालयात उघडली की आतील कार्ड पुन्हा उघडेच असते. सर्व्हर सांभाळणारा, पासवर्ड चोरणारा किंवा कार्यालयातील संगणक उघडा सापडलेला कोणीही ते वाचू शकतो. कार्डच पाकिटात घालून ते पाकीट केवळ घेणाऱ्याने फोडावे, अशी व्यवस्था म्हणजे दोन टोकांमधील एन्क्रिप्शन.

कुलूप सर्वांना, किल्ली एकालाच

पूर्वी गुप्त लिपीसाठी दोघांजवळ एकच किल्ली असावी लागे आणि ती किल्ली सुरक्षितपणे पोहोचविणे हीच खरी अडचण होती. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या अडचणीवरील उपाय मांडला. त्यावर आधारलेली एक पद्धत १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तयार केली.

तिचे तत्त्व साध्या उदाहरणाने समजते. दाबले की बंद होणारे कुलूप असते. ते लावण्यास किल्ली लागत नाही, उघडण्यास मात्र लागते. एखाद्या अधिकाऱ्याने अशी अनेक उघडी कुलपे बारनिशीत ठेवून दिली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तर कोणीही पेटीत पत्र घालून, कुलूप दाबून ती पेटी त्याच्याकडे पाठवू शकेल. उघडू शकेल तो एकटाच. संगणकाच्या भाषेत या कुलपाला ‘सार्वजनिक किल्ली’ आणि खिशातील किल्लीला ‘खाजगी किल्ली’ म्हणतात. पहिली सर्वांना द्यावयाची, दुसरी कोणालाही नाही.

ग्रामपंचायतींना ही कल्पना अगदी अपरिचित नाही. निधीच्या देयकांसाठी सरपंच आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी जी ‘डिजिटल सही’ वापरतात, तिच्या मुळाशी किल्ल्यांची अशीच जोडी आहे. सही करताना खाजगी किल्लीने खूण उमटविली जाते आणि सार्वजनिक किल्लीने ती पडताळली जाते. कूटबद्ध करताना क्रम उलट असतो. मात्र भारतात सहीचे प्रमाणपत्र आणि कूटबद्धतेचे प्रमाणपत्र वेगवेगळे दिले जाते, हे लक्षात ठेवावे.

१९९१ साली फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध करून ही विद्या सामान्य माणसाच्या संगणकावर आणली. ‘ओपनपीजीपी’ हे तिच्यावरून घडलेले खुले मानक. कार्यालयांमध्ये प्रमाणपत्रांवर आधारलेली ‘एस-माइम’ ही दुसरी पद्धतही प्रचलित आहे.

विद्या आहे, वापर का नाही?

१९९९ साली, म्हणजे वर उल्लेखिलेली मालिका सुरू झाली त्याच वर्षी, अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. बारा जणांना पीजीपी वापरून एक गोपनीय संदेश सही करून आणि कूटबद्ध करून पाठविण्यास सांगण्यात आले. वेळ होता ९० मिनिटे. केवळ एकतृतीयांश व्यक्तींना ते साधले. तिघांनी तर गोपनीय मजकूर चुकून उघडाच पाठविला. दोष त्या माणसांचा नव्हता. साधन त्यांच्या सवयीत बसणारे नव्हते.

तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली आहेत. ‘थंडरबर्ड’ या मोफत ई-मेल आज्ञावलीत २०२० पासून ओपनपीजीपीची सोय अंतर्भूत आहे. २०१४ साली सुरू झालेल्या ‘प्रोटॉन मेल’ या सेवेत तिच्या ग्राहकांचा आपसांतील पत्रव्यवहार आपोआप कूटबद्ध होतो. २०१६ साली ‘व्हॉट्सॲप’ने सर्व संदेशांना दोन टोकांमधील एन्क्रिप्शन लावले, तेव्हा कोट्यवधी लोक काहीही न शिकता ही विद्या वापरू लागले. साधन सोपे झाले की सवय लागते, हेच यावरून दिसते. तथापि हीच माहिती गटावर पुढे पाठविणाऱ्याला कोणतेही कुलूप थांबवू शकत नाही, हेही तितकेच खरे.

रोजचे पाकीट

एन्क्रिप्शन केवळ अत्यंत गोपनीय पत्रांसाठी राखून ठेवावे, असा एक समज आहे. तो दोन कारणांनी हानिकारक ठरतो. शंभर उघड्या पत्रांमध्ये एकच कुलूपबंद असेल तर कोणते पत्र महत्त्वाचे आहे, हे कुलूपच सांगते. लोक साध्या ख्यालीखुशालीचे पत्रही पाकिटात घालतात, म्हणून पाकिटाचा कोणी संशय घेत नाही. दुसरे असे की, ज्याला रोजचा सराव नाही त्याच्याकडून नेमक्या निकडीच्या वेळी चूक होते. शाळेत एखादी विद्यार्थिनी आपल्यावरील प्रसंग सांगते त्या दिवशी मुख्याध्यापकांनी किल्ली कशी तयार करावयाची हे शिकायला बसणे शक्य नसते. म्हणून रजेचा अर्ज आणि सभेची सूचनाही कुलूपबंद जावी. म्हणजे अहवाल कुलूपबंद जाईल.

या कुलपाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. एन्क्रिप्शनने पत्राचा मजकूर झाकला जातो. कोणी, कोणास आणि केव्हा लिहिले हे झाकले जात नाही. बऱ्याच पद्धतींत विषयाची ओळही उघडीच राहते. जुन्या कार्यालयीन शिस्तीत गुप्त कागद दुहेरी लखोट्यात जात असे. ‘गुप्त’ ही खूण आतील लखोट्यावर आणि बाहेरच्या लखोट्यावर केवळ पत्ता. विषयाची ओळ लिहिताना हीच शिस्त पाळावयास हवी.

कार्यालये, शाळा आणि पंचायती यांच्यासाठी

(१) पत्रव्यवहारात नावाऐवजी प्रकरण क्रमांक वापरावा. नाव आवश्यकच असेल तर ते एकाच स्वतंत्र कागदावर असावे. विषयाच्या ओळीत व फाइलच्या नावात व्यक्ती, गाव किंवा शाळा यांचा उल्लेख नसावा.

(२) शासकीय कामासाठी शासकीय ई-मेल सेवाच वापरावी. वैयक्तिक खाते, सायबर कॅफे किंवा सेवा केंद्राचा संगणक आणि खाजगी भ्रमणध्वनीवर काढलेली कागदाची छायाचित्रे टाळावीत.

(३) एन्क्रिप्शनची सोय नसेल तर निदान पासवर्डने बंद केलेली फाइल पाठवावी. पासवर्ड त्याच पत्रात न लिहिता दूरध्वनीवरून कळवावा. जन्मतारीख किंवा गुन्हा क्रमांक हा पासवर्ड ठेवू नये.

(४) कोणाचीही सार्वजनिक किल्ली प्रथम वापरताना ती त्याचीच आहे, याची दूरध्वनीवर किंवा समक्ष खात्री करावी. परक्याच्या कुलपात घातलेले पत्र परक्याच्याच हाती पडते.

(५) खाजगी किल्ली हरवल्यास जुनी पत्रे कायमची बंद होतात. तिची सुरक्षित प्रत ठेवावी. बदलीच्या वेळी पदभार सोपविताना कार्यालयाच्या किल्लीची व्यवस्था काय, याची नोंद व्हावी.

(६) कोणतेच सुरक्षित साधन उपलब्ध नसेल तर मोहोरबंद लखोटा हातोहात पोहोचवावा. तो आजही तितकाच ग्राह्य आहे.

गोपनीयता म्हणजे लपवालपवी नव्हे

शेवटी एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. नाव गुप्त राखणे म्हणजे गुन्हा दडपणे नव्हे. पोक्सो अधिनियमाच्या कलम १९ नुसार बालकावरील अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथक यांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविणाऱ्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. ‘गावाची बदनामी नको’, ‘शाळेचे नाव जाईल’ या सबबींना तेथे स्थान नाही. तसेच एन्क्रिप्शन वापरणारा कायद्याबाहेर जात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ अन्वये सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास मजकूर उलगडून देण्यास साहाय्य करावे लागते.

माहिती ज्याला कळावयास हवी त्याला विनाविलंब कळावी आणि इतर कोणालाही कळू नये, ही गोपनीयतेची खरी व्याख्या होय. यातील पहिला भाग कर्तव्यबुद्धीने साधतो, दुसरा व्यवस्थेने. मालिकेतील अधिकारी दार बंद करून मगच प्रश्न विचारते. एखादी मुलगी धीर करून शिक्षिकेला, ग्रामपंचायत सदस्याला किंवा ठाणे अंमलदाराला काही सांगते, तेव्हा ती ते दार बंद राहील या भरवशावर बोलत असते. तिचा जबाब संगणकावरून पुढे जातानाही दार बंद ठेवण्याचे साधन आज उपलब्ध आहे. ते रोजच्या वापरात आणणे ही तो जबाब हाताळणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.